बदलत्या अंगमेहनतीच्या कामातील धोका एका क्षणावरून मोजू नये

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ज्या कामात एकच हालचाल दिवसभर पुन्हा पुन्हा करावी लागते, त्या कामातून शरीराला होणाऱ्या इजेचा धोका कसा मोजावा, याच्या पद्धती आता बऱ्यापैकी स्थिरावल्या आहेत. सरकत्या पट्ट्यावरून येणारा खोका उचलून फळीवर ठेवणाऱ्या कामगाराचे काम पाच मिनिटे पाहिले, तरी त्याच्या पाळीचा अंदाज येतो. ज्यांच्या कामाला असा साचाच नाही, त्यांचे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे. रुग्णालयातील परिचर, सामान हलवणारे हमाल, अग्निशमन दलाचे जवान, बांधकामावरील मजूर, जमिनीखालच्या वाहिन्या दुरुस्त करणारे कामगार यांचा एक तास दुसऱ्या तासासारखा नसतो आणि आजचा दिवस कालच्यासारखा नसतो. अशा कामांचे मूल्यमापनही आपण साच्यातल्या कामाच्याच मापाने करतो, आणि त्यातून 'धोका मध्यम' असा निर्धास्त करणारा शेरा कागदावर येतो. मी हे मूल्यमापनाचे काम अनेक वर्षे केले आहे आणि ते चुकीच्या रीतीनेही केले आहे; म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

एका रुग्णालयात परिचरांच्या कामाची पाहणी करण्यासाठी मी सकाळी आठ ते अकरा या वेळात एका वॉर्डात थांबले होते. तेथील एका मावशींच्या मागे मी वही आणि कॅमेरा घेऊन फिरत होते. चादरी बदलणे, रुग्णाला कुशीवर वळवणे, चाकाची खुर्ची ढकलणे, बादली उचलणे, खाटेचा कठडा वर करणे, अशी त्यांची कामे एकामागून एक चालली होती. चित्रफितीतून रुग्णाला वळवतानाचे दृश्य निवडून मी गुण दिले. बेरीज पाच आली, म्हणजे धोका मध्यम. प्रशिक्षण द्यावे, अशी शिफारस करून मी अहवाल सादर केला. काही महिन्यांनी कळले की त्याच मावशींची कंबर धरली असून त्यांना नीट उभेही राहता येत नाही. रात्रपाळीत एक रुग्ण स्वच्छतागृहात पडला होता. जागा इतकी अरुंद की मदतीला आलेल्या दुसऱ्या माणसाला आत शिरता येईना. मावशींनी एक हात रुग्णाच्या काखेत घातला, दुसऱ्या हाताने कठडा धरला, एक गुडघा भिंतीला टेकवला आणि त्याला अर्धा उठवला. तेवढ्यात ओल्या फरशीवर त्याचे पाय घसरले आणि त्याने अंग सोडले. तो सगळा भार कमरेतून पिळवटलेल्या अवस्थेत त्यांच्यावर आला. मी भेटायला गेले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "ताई, तुम्ही सकाळी आला होतात. रात्री आला असतात तर कळलं असतं."

मी वापरलेल्या पद्धतीत दोष नव्हता. रेबा या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत स्यू हिग्नेट आणि लिन मॅकअटॅम्नी यांनी २००० साली मांडली, आणि तीही रुग्णसेवेसारख्या, शरीराच्या स्थितीचा आधी अंदाज येत नाही अशा कामांसाठीच. मान, पाठ, पाय, हात, मनगट यांच्या स्थितीला, भाराला आणि पकडीला गुण देऊन ती एक ते पंधरा यांमधला एक आकडा काढून देते. मात्र तो आकडा एका क्षणाचा असतो. कोणता क्षण निवडायचा, हे पाहणाऱ्याच्या हाती असते. सर्वांत जास्त वेळा येणारी स्थिती, सर्वांत जास्त वेळ टिकणारी, सर्वाधिक जोर लागणारी, कामगाराला सर्वाधिक त्रास देणारी किंवा सर्वांत वाकडी स्थिती, यांपैकी काय निवडले यावर पुढचे सारे ठरते. एकसुरी कामात या सगळ्या स्थिती बहुधा एकाच हालचालीत सापडतात, त्यामुळे निवड चुकली तरी फारसे बिघडत नाही. बदलत्या कामात त्या वेगवेगळ्या तासांत, वेगवेगळ्या पाळ्यांत, कधी कधी वेगवेगळ्या ऋतूंत विखुरलेल्या असतात. मी सोयीच्या वेळी गेले आणि माझ्या कॅमेऱ्यासमोर जे आले तेच काम, असे धरून चालले.

वजन उचलण्याच्या बाबतीत जगभर ज्या सूत्राचा आधार घेतला जातो, ते अमेरिकेच्या नायोश या व्यावसायिक सुरक्षा संस्थेचे आहे. १९८१ साली ते प्रथम आले आणि १९९१ साली सुधारले गेले. सर्व परिस्थिती आदर्श असेल तर २३ किलो, इथून ते सुरू होते आणि परिस्थिती जितकी बिघडेल तितके वजन कमी करत जाते. उदाहरणच घेऊ. २५ किलोचे एक पोते आहे. हात जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर आणि घोट्यांपासून ४० सेंटिमीटर पुढे आहेत, अंग ४५ अंशांत वळलेले आहे आणि पोते ७५ सेंटिमीटर उंचीवर ठेवायचे आहे. हात पुढे गेल्यामुळे २३ किलोंचे सुमारे १४.४ उरतात, खाली वाकावे लागते म्हणून ११.८, उचलण्याचे अंतर ६० सेंटिमीटर म्हणून साडेदहा, अंग वळल्यामुळे ९, आणि पोत्याला धड पकड नाही म्हणून सुमारे ८ किलो. हे पोते क्वचितच उचलायचे असले, तरी त्या जागी सुचवलेली मर्यादा ८ किलो आणि प्रत्यक्षातला भार २५ किलो, म्हणजे तिपटीहून अधिक ठरतो. या हिशेबात पोत्याच्या वजनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ते शरीरापासून किती दूर आहे याला महत्त्व आहे. ते घोट्यांपासून २५ सेंटिमीटरवर आणता आले असते, तर पहिली कपात झालीच नसती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुष कामगारासाठी ५५ किलो ही वरची मर्यादा सुचवली होती. 'ओझे किती' एवढाच प्रश्न विचारला की आकडा कुठे जातो, ते त्यावरून ध्यानात यावे.

इतके उपयोगी असलेले हे सूत्र कोठे वापरू नये, याची यादी त्याच्या निर्मात्यांनी प्रामाणिकपणे दिली आहे, आणि माझ्या मते ती यादी सूत्राइतकीच वाचनीय आहे. एका हाताने उचलणे, बसून किंवा गुडघे टेकून उचलणे, अडचणीच्या जागेत उचलणे, हिंदकळणारे वा अस्थिर ओझे, फावड्याने किंवा ढकलगाडीने केलेले काम, झटक्यात उचलणे, पाय घसरेल अशी जमीन, १९ ते २६ अंश सेल्सिअसच्या बाहेरचे तापमान आणि आठ तासांहून लांब पाळी, या सगळ्यांना ते लागू होत नाही. आता ही यादी घेऊन एखाद्या अग्निशामकाचा किंवा परिचराचा दिवस पाहावा. जे वगळले आहे तेच तर त्यांचे काम आहे. रुग्ण उचलण्याच्या बाबतीत या सूत्राच्या जनकांपैकी एक असलेल्या थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली हा मुद्दा हाताळला आणि रुग्ण सहकार्य करत असेल, अंग झटकण्याची शक्यता नसेल, तरच सुमारे १६ किलोंपर्यंतचा भार हाताने पेलावा, असे सुचवले. प्रौढ माणसाचा एक पाय उचलून धरला तरी ही मर्यादा फार दूर राहत नाही. माझ्या मावशींच्या हाती तर ओल्या फरशीवर घसरणारा संपूर्ण माणूस होता.

बदलत्या कामाला माप लावताना होणारी दुसरी चूक सरासरीची असते. समजा, एका पाळीत एका कामगाराने ५ किलोची दोनशे ओझी आणि ३० किलोची दहा ओझी उचलली. सरासरी निघते ६.२ किलो. हा आकडा पाहून कोणाच्याही कपाळावर आठी पडणार नाही. पण त्या कामगाराने ६.२ किलोचे ओझे दिवसभरात एकदाही उचललेले नाही, आणि पाठीचे जे व्हायचे ते त्या दहा वेळांत होऊन गेलेले असते. नायोशच्या पद्धतीतही अनेक प्रकारची ओझी एकत्र मोजताना सरासरी काढत नाहीत; सर्वांत अवघड कामाचा निर्देशांक, म्हणजे प्रत्यक्ष भार सुचवलेल्या मर्यादेच्या किती पट आहे तो आकडा, आधी धरतात आणि बाकीच्या कामांनी त्यात किती भर पडते ते मिळवत जातात. पुढे ओझी आणि अंतरे सतत बदलणाऱ्या कामांसाठी, उचलण्याच्या शेकडो प्रसंगांचे गट पाडून निर्देशांक काढण्याची पद्धतही विकसित झाली. म्हणजे साधने आहेत. ती वापरण्याइतका वेळ आणि माहिती आपण गोळा करत नाही.

जड भाराचे थोडे प्रसंग हलक्या भाराच्या पुष्कळ प्रसंगांहून अधिक घातक का ठरतात, याचे एक उत्तर पोलादाच्या अभ्यासातून मिळते. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या डब्यांचे आस त्यांच्या ताकदीपेक्षा कमी भारातही काही काळाने अचानक मोडत, तेव्हा ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिले की पुन्हा पुन्हा येणारा भार धातूला आतून थकवतो आणि भार जसा वाढेल तसे मोडण्यापूर्वीचे फेरे झपाट्याने कमी होतात. स्नायूबंध, मणक्यांमधल्या चकत्या आणि त्यांच्या कडांची हाडे यांनाही हाच न्याय बऱ्याच अंशी लागू होतो, अशी मांडणी अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठाचे शॉन गॅलघर यांनी केली आहे. भार हलका असेल तर तो कितीही वेळा आला तरी धोका सावकाश वाढतो. भार जड असेल तर वारंवारतेबरोबर तो चढत्या गतीने वाढतो. त्यांच्या गटाने २०१७ साली पुढे आणलेल्या लिफ्ट नावाच्या साधनाला तीनच गोष्टी लागतात: ओझ्याचे वजन, पाठीच्या कण्यापासून त्याचे सर्वाधिक अंतर आणि दिवसातील उचलण्याची संख्या. प्रत्येक प्रकारच्या ओझ्याने होणारे नुकसान वेगळे काढून मग त्यांची बेरीज होते, त्यामुळे जड प्रसंग सरासरीत बुडून जात नाहीत. या हिशेबात १२ किलोचे ओझे ६० सेंटिमीटर दूर धरणे हे २५ किलोचे ओझे २५ सेंटिमीटरवर धरण्यापेक्षा पाठीला महाग पडते. हे ज्याने हात लांब करून खाटेच्या पलीकडच्या बाजूची गादी ओढली आहे, त्याला सांगावे लागत नाही. अर्थात जिवंत ऊती पोलादासारख्या नसतात. त्या विश्रांतीत भरूनही निघतात, आणि म्हणूनच दोन अवघड प्रसंगांमध्ये किती वेळ गेला, याचीही नोंद हवी.

यावरून कामाची अदलाबदल या लोकप्रिय उपायाकडेही सावधपणे पाहायला हवे. एका माणसावरचा भार कमी व्हावा म्हणून जड काम पाच जणांत फिरवायचे, हे ऐकायला न्याय्य वाटते. पण भाराबरोबर नुकसान जर चढत्या गतीने वाढत असेल, तर जड काम तसेच ठेवून ते फिरवल्याने एकाऐवजी पाच जणांच्या पाठीला ते थोडे थोडे भोवते. ते जड काम मुळातच हलके करता आले, तर अदलाबदलीचा काही उपयोग. शिवाय वाकून पोते उचलण्याऐवजी वाकून फरशी घासायला लावणे ही अदलाबदल नव्हेच. कंबर तीच आणि ताणही तोच.

मग अशा कामाचे मूल्यमापन करायचे कसे? माझा विश्वास नमुना पाहणीवर आहे. १९७० च्या दशकात फिनलंडमधील ओवाको या पोलाद कंपनीत ओवास नावाची पद्धत तयार झाली. पाठीच्या चार, हातांच्या तीन, पायांच्या सात स्थिती आणि भाराचे तीन वर्ग, अशा २५२ जोड्यांपैकी कामगार या घटकेला कोणत्या जोडीत आहे, हे ठरावीक अंतराने टिपत जायचे. १९९६ साली ब्रायन बुखोल्झ आणि सहकाऱ्यांनी पाथ ही पद्धत खास बांधकामासारख्या, फेरे नसलेल्या कामांसाठी मांडली. तिच्यात शरीरस्थितीबरोबरच त्या क्षणी चाललेली क्रिया, हातातले अवजार आणि उचललेले ओझे हेही नोंदवले जाते. एका दिवसाच्या अशा नोंदी फारशा काही सांगत नाहीत. अनेक दिवसांच्या आणि अनेक माणसांच्या नोंदी एकत्र आल्या की हे काम करणारा माणूस वेळेचा किती हिस्सा वाकलेला असतो, किती हिस्सा त्याचे हात खांद्यांच्या वर उचललेले असतात, हे खात्रीने बोलता येते. एकच काम दोन माणसे फार वेगळ्या रीतीने करतात, आणि तोच माणूस थकल्यावर तिसऱ्याच रीतीने करतो. त्यामुळे एका माणसाचा एक दिवस कितीही बारकाईने मोजला, तरी त्यावरून त्या पदाचा निवाडा करता येत नाही.

नमुना पाहणीलाही एक मोठी उणीव आहे आणि ती लपवू नये. महिन्यातून दोनदा येणारा प्रसंग, जसा स्वच्छतागृहात पडलेला रुग्ण, ठरावीक अंतराने टिपलेल्या नोंदींत बहुधा सापडणारच नाही. तो सापडतो फक्त विचारल्यावर. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने माणसाला जाणवणारा श्रम शून्य ते दहा या मापावर कसा सांगता येईल, ते दाखवून दिले. हे माप मी पुढे नेहमी वापरले, पण प्रश्न बदलून. 'तुमचे काम किती जड आहे' असे विचारले की माणसे तीन किंवा चार म्हणतात, कारण दिवसाचा बहुतेक वेळ तसाच जातो. 'गेल्या दोन महिन्यांत कोणत्या कामाला तुम्ही नऊ किंवा दहा द्याल, ते कधी झाले, तेव्हा सोबत कोण होते, जागा कशी होती' असे विचारले, की माणूस क्षणभर थांबतो आणि मग सांगू लागतो. जिन्यावरून कपाट उतरवताना खालच्या माणसावर आलेला भार, पावसात भिजून दुप्पट जड झालेला दोर, लिफ्ट बंद असताना चौथ्या मजल्यावर नेलेला प्राणवायूचा सिलिंडर, हे सगळे मला अशाच उत्तरांतून कळले. कॅमेऱ्यात त्यांतले एकही आले नव्हते. मुकादमाने किंवा पर्यवेक्षकाने सांगितलेले काम आणि प्रत्यक्ष होणारे काम यांत अंतर असते, म्हणून हा प्रश्न काम करणाऱ्यालाच, आणि वरिष्ठ जवळ नसताना विचारावा.

अनेक आस्थापना आपल्या बाजूने अपघातांची नोंदवही पुढे करतात आणि तिच्यात पाठीच्या दुखण्याच्या नोंदी नसल्याचे सांगतात. नोंदवहीत येतो तो 'उचलताना चमक भरली' असा एखादा दिवस; त्याआधीची वर्षे येत नाहीत. ज्यांची पाठ किंवा गुडघे साथ देईनासे झाले, ते हलक्या कामाला गेले किंवा काम सोडून गेले, आणि आज जे कामावर दिसतात ते टिकून राहिलेले आहेत. टिकलेल्यांकडे पाहून काम निर्धोक ठरवणे म्हणजे गाळून उरलेल्यांची गणना करणे होय. काम सोडून गेलेल्या दहा जणांशी तासभर बोलल्याने जेवढे कळते, तेवढे ती वही वर्षभर चाळून कळत नाही, असा माझा अनुभव आहे.

त्या वॉर्डात मी नंतर पुन्हा गेले. यावेळी तिन्ही पाळ्यांत, तीन आठवडे, आणि कॅमेऱ्याइतकीच विचारपूस करून. रुग्णाला जमिनीवरून उठवण्याचा प्रसंग सगळ्याच परिचरांनी नऊ किंवा दहावर ठेवला. तो टाळण्यासाठी दोन गोष्टी कराव्या लागल्या: स्वच्छतागृहाचे दार बाहेर उघडेल असे बसवणे, आणि हवेने फुगून रुग्णाला जमिनीवरून वर आणणारी गादी त्याच मजल्यावर, कुलूप न लावता ठेवणे. पहिल्या अहवालातल्या प्रशिक्षणाच्या शिफारशीने यांतले काहीही झाले नसते, कारण अडीच फुटांच्या जागेत माणसाला उचलण्याची कोणतीही योग्य पद्धत नसते.

म्हणून माझी विनंती अशी आहे. अंगमेहनतीच्या बदलत्या कामाचे मूल्यमापन करणाऱ्या प्रत्येकाने अहवालाच्या पहिल्याच पानावर काही गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: किती दिवस, कोणत्या पाळ्यांत आणि किती माणसांचे काम पाहिले, वापरलेली पद्धत कोणत्या परिस्थितीला लागू होत नाही आणि त्यांपैकी काय या कामात आढळते, कामगारांनी सर्वांत अवघड म्हणून सांगितलेले प्रसंग कोणते, आणि ते प्रत्यक्ष पाहायला मिळाले की नाही. जे पाहिले नाही ते 'पाहिले नाही' असेच लिहावे, त्याला मध्यम किंवा कमी धोक्याचा गुण देऊ नये. कामगार संघटनांनी आणि सुरक्षा समित्यांनी असा अहवाल हाती आला की शेवटच्या पानावरचा आकडा पाहण्याआधी ही माहिती मागावी आणि ती नसेल तर अहवाल परत पाठवावा.

आपली विश्वासू,
कामाच्या ठिकाणच्या शारीरिक ताणाचे मूल्यमापन करणारी एक निवृत्त अधिकारी